कोपऱ्यातली पिशवी

३ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार पोचला असं समज. तू तो घेणार नाहीस हे मला माहीत आहे, पण आई शेजारी बसली आहे आणि "आधी नमस्कार लिही, मग भांड" असं तिनं बजावलंय. या वयात तिच्याशी वाद घालायची माझ्यात ताकद नाही. आता तिला डुलकी लागली आहे, तेव्हा मुद्द्यावर येतो.

मला तुझी सही हवी आहे. अहवालाच्या शेवटच्या पानावर, 'रक्त साठवण्याची बाजू मी स्वतः तपासली असून ती समाधानकारक आहे' या ओळीखाली. खात्याचा नियमच आहे, पेटीची वीज बघणाऱ्यानं एक सही करायची आणि रक्त बघणाऱ्यानं दुसरी. वीज बघणारा मी. रक्त बघणारी तू होतीस. रक्तपेढीत एकतीस वर्षं काढलेली दुसरी बाई मी कुठून पैदा करू?

चार महिन्यांपूर्वी तू एप्रन काढून माझ्या टेबलावर टाकलास आणि निघून गेलीस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. खरं तर बोलणार आहे. वेल्डर उभा होता, तो अर्ज लिहून देणारा उभा होता आणि त्यांच्यासमोर तू मला "रंगीत पाण्याचा दुकानदार" म्हणालीस. घरी म्हणाली असतीस तर मी निमूट ऐकलं असतं. मी लहानपणापासून तुझं ऐकतच आलोय.

परवा आईनं विचारलं, "तुझ्या कारखान्यात नेमकं होतं काय?" म्हटलं, जिथे वीज नाही अशा दवाखान्यांसाठी आम्ही पेटी बनवतो. खाली रॉकेलची शेगडी, शेगडीच्या उष्णतेवर वीज, त्या विजेवर आत गारवा, आणि त्या गारव्यात रक्ताच्या पिशव्या. ती म्हणाली, "म्हणजे आग लावून थंड करतोस." म्हटलं, हो, तसंच. "आणि घेतं कोण?" म्हटलं, अजून कोणी नाही. "मग तुझा पगार?" सरकार देतं, संशोधनासाठी. त्यावर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

हस म्हणावं. मलाही आता शिसारी आली आहे. सात वर्षं मी अनुदानाचे टप्पे चढतोय. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, मग नाव बदलून परत पहिला. अर्जवाला तेवढा हुशार. आधी त्यानं पेटी सैनिकांसाठी केली, मग पूरग्रस्तांसाठी, आता दुर्गम भागातल्या बाळंतिणींसाठी. पेटीचा एक खिळा बदललेला नाही. लहान उद्योगांच्या मेळाव्यात माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ अकरा वर्षं घामापासून वीज करतायत. त्यांचा दिवा काही लागला नाही, घाम मात्र खरा आहे. आम्ही सगळे एकमेकांना बघून हसतो आणि शेवटच्या पानावर 'अधिक संशोधनाची गरज आहे' असं लिहितो. ते मात्र दरवर्षी खरं ठरतं.

तर सही पाठव. या टप्प्यानंतर मी हे बंद करणार आहे. तसं मी मागेही म्हणालो होतो, ते लक्षात आणून द्यायची गरज नाही.

तुझा धाकटा


१८ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पत्ता सोडला तर पाच शब्द. 'कोपऱ्यातल्या पिशवीला थर्मामीटर लावलास का?' खाली नावसुद्धा नाही. शाई महाग झाली असेल तिकडे.

नाही लावला. थर्मामीटर मधोमध आहे, सात वर्षं तिथेच आहे आणि तो चार अंश दाखवतो. रक्ताला दोन ते सहा लागतं, मी चार देतोय. आम्हा वीजवाल्यांचं सगळं सरासरीवर चालतं. किती उष्णता आत गेली, किती वीज बाहेर आली, भागाकार केला, झालं. तू पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावलास. "सरासरीनं रक्त जगत नाही. एक पिशवी गोठली आणि एक कोमट झाली तरी तुझा काटा चारच दाखवेल. गार पत्र्याला चिकटलेली कोपऱ्यातली पिशवी बघ." आणि मग ते तुझं नेहमीचं, की गोठलं की तांबड्या पेशी फुटतात, वितळल्यावर त्या परत सांधत नाहीत, वरचा पिवळसर थर लाल होतो आणि असं रक्त कुणाला दिलं तर मूत्रपिंडं बसतात. मला ते पाठ आहे. झोपेत विचार.

पण खरं रक्त आणू कुठून? परवानगीला नऊ महिने आणि टप्पा सहा महिन्यांचा. इथेच घोडं पेंड खातं. हा नियम काही मी केलेला नाही. म्हणून सगळे वापरतात तसं मी मिठाचं पाणी वापरतो आणि अहवालात त्याला 'रक्तसदृश द्रव' म्हणतो. लाल रंग टाकला तो फोटोसाठी, त्यात फसवणूक कसली?

परवा खात्याचे साहेब पाहणीला आले होते. आतल्या पिशव्यांवर हात ठेवून म्हणाले, "वा, गार आहे!" वहीत लिहिलं, 'गार आहे.' मग एक पिशवी छातीशी धरून फोटो काढून घेतला. "लाल रंग छान उठून दिसतो," म्हणाले. मी हसलो. ताई, मी नुसता हसलो नाही, "साहेब, अजून एक काढू का?" असंही विचारलं. नंतर मोरीवर साबण लावून हात धूत बसलो. साहेबांनी काही हातात हात दिला नव्हता, तरी.

अहवाल तीस तारखेला द्यायचा आहे. आई विचारते, ताई कधी येणार. मी सांगतो, तिला काम आहे. निवृत्त बाईला कसलं काम, असं ती विचारते. आता तूच सांग काय उत्तर देऊ.

धाकटा


३ डिसेंबर

ताई,

सहीचा प्रश्न मिटला. तुला आता तसदी नाही.

अहवाल गेला आणि तीन दिवसांत मंजूरही झाला. एवढ्या वेगानं तिथे कधी चहासुद्धा येत नाही. तयार असलेल्या चौदा पेट्या चौदा दवाखान्यांकडे रवानाही झाल्या. प्रत्यक्ष वापराची चाचणी म्हणे, म्हणजे आता आत खरं रक्त जाईल. परवानगीची भानगड त्या दवाखान्यांची. अर्जवाल्यानं प्रत्येक झाकणाच्या आतून एक छापील चिठ्ठी चिकटवली आहे. पेटी कशी वापरायची, शेगडीत रॉकेल किती घालायचं आणि खाली 'रक्तसाठवण तपासणी' म्हणून एक नाव, अनुभव एकतीस वर्षं. तो म्हणाला, दवाखान्यातल्या लोकांना नावाचा विश्वास वाटतो.

आज कपाट आवरताना माझी जुनी प्रगतिपुस्तकं सापडली. त्यावरच्या बाबांच्या निम्म्या सह्या माझ्या आहेत. तुला माहीत होतं आणि तू पाठीशी घालायचीस. एकदाही पकडला गेलो नाही. हे आज का लिहितोय कोण जाणे.

चिडू नकोस. चिडलीस तरी चालेल. तू उत्तर दिलं असतंस तर ही वेळ आली नसती, असं मी स्वतःला दिवसातून दहादा सांगतो. दहाव्यांदा पटतं.

धाकटा


२७ डिसेंबर

ताई,

आपला वेल्डर तुला आठवत असेलच. तू गेल्यापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. काल सकाळी आला आणि टूल-बॉक्स खाली ठेवायच्या आत म्हणाला, "साहेब, एक विचारू? आपण सात वर्षं पाणीच ठेवलं ना पेटीत?"

"हो. मग?"

"पाणी गोठतं, वितळतं, परत पाणीच. पाणी काही मरत नाही, साहेब."

"तुला काय म्हणायचंय?"

"ताई म्हणायच्या तेच. मी आपलं परत सांगितलं."

बाहेर असा कडाका पडलाय की सकाळी नळाला पाणी नव्हतं, पाइपातच थिजलं होतं. आपण चाचण्या घेतल्या त्या बंद, उबदार खोलीत. आता या थंडीत पेटी बाहेर ठेवली तर काय होईल ते मी पाहिलंच नव्हतं. वेल्डर ऐकेना. तो खाटकाकडे जाऊन बकऱ्याचं ताजं रक्त घेऊन आला. तू ठेवून गेलेल्या रिकाम्या पिशव्या होत्याच, रक्त साकळू नये म्हणून आत औषध घातलेल्या. दोन भरल्या. एक मध्ये, एक कोपऱ्यात गार पत्र्याला टेकवून. पेटी बाहेर मागच्या ओट्यावर. आज दुपारी उघडली.

काटा चारवर होता.

मधली पिशवी ठीक होती. कोपऱ्यातली बर्फाच्या लादीसारखी कडक. ती वितळू दिली आणि खुंटीला टांगली. रक्त खाली बसल्यावर वरचा थर दिसला. पिवळसर नव्हता ताई, लाल होता. वेल्डरनं टोपी काढली. एवढ्याशा बकऱ्याच्या रक्तासाठी टोपी काढायची काय गरज होती? पण मलाही तिथे उभं राहवेना.

अर्जवाल्याला फोन केला. म्हटलं, सगळ्या पेट्या परत मागवायच्या. तो चक्क आनंदानं म्हणाला, "अहो, दोष सापडला म्हणजे पुढचा टप्पा सापडला! हा दोष जपून ठेवा. आत्ताच परत मागवल्या तर हा टप्पा बुडेल. मार्चनंतर नव्या अर्जात आपणच तो शोधून काढू."

"आणि तोवर?"

"तोवर काय? चौदातल्या किती पेट्या वापरात असतील? उगाच पराचा कावळा करू नका."

मला त्याची किळस आली. पण लिहायचंच तर सगळं लिहितो. त्या किळसेखाली मला थोडं बरंही वाटलं. पेट्या परत मागवायचं पत्र मी टाइप करून ठेवलंय. टेबलावर आहे. पेपरवेट ठेवलाय, उडू नये म्हणून.

धाकटा


९ जानेवारी

ताई,

सकाळी साडेदहाला फोन आला. एका दवाखान्यातले डॉक्टर. वस्ती विरळ, रस्ता वाईट, दिवसातून दोन तास वीज. म्हणजे आपल्या अर्जात लिहिलेला अगदी तसाच दवाखाना. मला वाटायचं, असे दवाखाने फक्त अर्जातच असतात.

त्यांचा पहिला प्रश्न, "बाई कशा आहेत?"

"कोण बाई?"

"तुमच्या ताई. झाकणात त्यांचं नाव वाचलं. मी शिकत असताना सहा महिने त्यांच्या हाताखाली होतो. एकदा लेबल न वाचता पिशवी उचलली म्हणून मला दिवसभर दाराबाहेर उभं केलं होतं त्यांनी. तेव्हापासून आजतागायत मी दोनदा वाचतो."

मी म्हटलं, बऱ्या आहेत. मग त्यांनी सांगितलं. चार दिवसांपूर्वी एक बाई बाळंत झाली, दुसऱ्या खेपेची. रक्तस्राव थांबेना. पेटीत दोन पिशव्या होत्या. पहिली लावली. दुसरी उचलली तर त्यांना ती नेहमीपेक्षा गडद वाटली, वरचा थर लालसर. तिचा गट जुळत होता, लेबल बरोबर होतं, तारीख बरोबर होती, तरी त्यांचा हात थांबला. शहरातून दुसरी पिशवी यायला सहा तास.

"आणि मग मी झाकणाकडे पाहिलं," ते म्हणाले. "म्हटलं, बाईंनी तपासलीय म्हणजे प्रश्नच मिटला. आपल्याच डोळ्यांचा दोष असेल. लावली."

तासाभरात तिला थंडी भरून आली. संध्याकाळी लघवी काळ्या चहासारखी. आता ती शहरातल्या मोठ्या इस्पितळात आहे. मूत्रपिंडं चालत नाहीत. बाळ ठीक आहे, असं ते म्हणाले. ठीक!

ताई, ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होतो. ओरडले असते तर मी कदाचित बोललो असतो. पण ते आवाज खाली आणून म्हणाले, "कागदावर मी लिहिलंय की पिशवी दिसायला व्यवस्थित होती. कारण अज्ञात. बाईंचं नाव यात यायला नको. एवढ्या वर्षांत एखादी गोष्ट कुणाच्याही नजरेतून सुटू शकते. त्यांना तुम्ही सांगूही नका, जिवाला लावून घेतील."

मी विचारलं, "आणि पेटी?"

"पेटी चालू आहे की. दुसरं आहे काय आमच्याकडे?"

आता बोल, आता बोल, असं मनात चाललं होतं. आणि मी काय म्हणालो सांगू? "बरं."

एवढंच. बरं. त्यांनी माझे आभार मानून फोन ठेवला. त्या पत्रावर अजून पेपरवेट आहे.

मला आता लोकांची किळस येत नाही. साहेब मूर्ख आहे, अर्जवाला नीच आहे, पण त्यांना रक्तातलं कळत नव्हतं. पिशवीचा वरचा थर कसा दिसतो ते मी बघितलं होतं. वेल्डरशेजारी उभं राहून बघितलं होतं.


१२ जानेवारी

ताई,

आधी कामाचं सांगतो, म्हणजे मधेच धीर सुटला तरी तेवढं तुझ्यापर्यंत पोचेल.

अहवालावरची तुझी सही मी केली. जुन्या रजिस्टरवरून गिरवून, तीन कागद वाया घालवून. झाकणातल्या चिठ्ठीवरचं नाव तुझं आहे आणि ते तुला न विचारता छापलं आहे. तू ती पेटी कधीच पास केली नाहीस, उलट ती धोक्याची आहे असं साक्षीदारांसमोर सांगून गेलीस. हे सगळं मी वेगळ्या कागदावर लिहिलं आहे, खाली माझी सही आहे, वेल्डरची साक्ष आहे. एक प्रत खात्याला, एक पोलिसांना, एक या पाकिटात. कुणी तुझ्या दारात चौकशीला आलं तर तोच कागद पुढे कर. माझ्या बाजूनं एक शब्द बोलू नकोस. तू बोलणारही नाहीस, पण आई तुला फोन करून रडेल, म्हणून लिहिलं.

उरलेल्या तेरा दवाखान्यांना काल दिवसभर फोन केले. पाच जणांनी पेटी अजून उघडलीच नव्हती. दोघांनी तिच्यात औषधं ठेवली होती. सहा ठिकाणी रक्त होतं, पण अजून कुणाला दिलं नव्हतं. ते टाकून द्यायला सांगितलं. फोन करताना वेल्डर समोर बसून प्रत्येक नावावर खूण करत होता. त्याचा माझ्यावर विश्वास उरलेला नाही आणि ते योग्यच आहे.

तीन डिसेंबरपासूनची पत्रं मी टाकलीच नव्हती. लिहायचो, पाकीट चिकटवायचो आणि ड्रॉवरमध्ये ठेवायचो. तुला लिहिलं की सांगितल्यासारखं वाटायचं आणि न टाकल्यामुळे तुला कळायचंही नाही. सत्तावीस तारखेचं पत्र त्याच दिवशी टाकलं असतं तर तू ते उभ्या उभ्या वाचून चौदाही दवाखाने बंद पाडले असतेस. म्हणून तर टाकलं नाही. आता सगळी एकत्र पाठवतोय. वाच किंवा जाळ, पण कागद सांभाळ.

अर्जवाला आला होता. म्हणाला, "डॉक्टर बोलत नाही, तुमची बहीण बोलत नाही, मग तुम्हालाच कसली खाज सुटली?" वेल्डरनं त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर नेऊन सोडलं. माझ्याच्यानं तेवढंही झालं नसतं.

आता ते सांगतो, ज्यामुळे हे सगळं झालं.

काल सकाळी डॉक्टरांचा परत फोन आला. ती बाई परवा गेली. तिच्या नवऱ्यानं तक्रार केली आहे, आणि पिशवी न बघता लावली म्हणून डॉक्टरांवर चौकशी बसली आहे. त्यांना कामावरून घरी बसवलंय. हे सगळं त्यांनी मला दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. म्हणाले, "माझं काय व्हायचं ते होवो. मी बघितलं होतं आणि तरी लावली, ही चूक माझीच. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बाई चुकल्या कशा? सहा दिवस तोच विचार करतोय. त्या चुकू शकतात, तर मग मी आजवर जे जे शिकलो त्यातलं बरोबर काय?"

ती बाळंतीण गेली होती. नोकरी गेली होती. आणि त्या माणसाला टोचत होतं ते हे.

तेव्हा मी सांगितलं. म्हटलं, "डॉक्टर, ताईनं ती पेटी तपासली नाही. तिनं सही द्यायला नकार दिला होता आणि काम सोडून गेली होती. सही मी केली. पिशवी गोठते हे मला सत्तावीस डिसेंबरपासून माहीत होतं."

मला वाटलं, आता शिव्या येतील. त्या ऐकायची माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

पण ते म्हणाले, "तरीच." आवाज इतका मोकळा, जणू त्यांच्या घरचं कुणी मरता मरता वाचलं होतं. मला एकही शिवी न देता त्यांनी फोन ठेवला.

त्यांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तू त्यांना भेटून ये. मी तिथे जाण्याच्या लायकीचा नाही.